धुऱ्यावरचे खूर

कार्तिकातल्या पहाटे भंडारा जिल्ह्यातल्या जंगलकाठच्या बांधीत उतरलं, की रात्री कोण येऊन गेलं ते धुऱ्यावरच्या ओल्या मातीत दिसतं. चितळाचा खूर तीन बोटांत मावणारा, पुढे निमुळता, नेटका. सांबराचा मोठा आणि खोल. रानडुकराच्या खुरामागे उपनख्यांचे दोन ठिपके. लोंब्या वरच्यावर खुडलेल्या असतील तर चितळ, उभं धान लोळवलेलं असेल तर डुक्कर. इथल्या कास्तकाराला हे कुणी शिकवावं लागत नाही. बापाच्या मागे धुऱ्यावरून चालतानाच ते कळत जातं.

उत्तर अमेरिकेत विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत नोव्हेंबरच्या अखेरीला मक्याची शेतं रिकामी होतात, बर्फ पडतो आणि शिकारी त्या बर्फावर पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा माग काढत निघतात. तिथे ते आजही कायदेशीर आहे, दरसाल ठरलेल्या दिवसांत. भंडाऱ्यात बर्फ नाही. पण शेतीमुलूख, हरीण आणि बंदूक हे तिन्ही इथेही होते. गेल्या दीडशे वर्षांत हरणं इथून कशी हटत गेली, कशी परत आली आणि या सगळ्यात रात्री पीक राखायला जागलीला बसणाऱ्या माणसाचं काय झालं, ती हकीकत वाघाच्या शिकारकथांखाली झाकली गेली आहे. खरं तर वाघाआधी ती हरणाची आहे.

सुरुवात तलावांपासून करावी लागते. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते इथल्या कोहळी समाजाच्या करणीमुळे. टेकड्यांवरून उतरणारं पाणी पाळ घालून अडवायचं आणि पाळीखाली धान नि ऊस पिकवायचा, ही त्यांची विद्या. नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, आणि त्यांना आजही कोलासूर देव म्हणून पुजलं जातं. असे लहानमोठे शेकडो तलाव आणि बोड्या झाल्या. या रचनेत वर जंगल, मधे पाणी, खाली शेत. गाव कुठलंही घ्या, रान आणि धान यांच्यात अंतर फार तर तलावाच्या पाळीएवढं. चितळाला हेच हवं असतं. दाट जंगलाच्या पोटात ते फारसं रमत नाही. झाडोऱ्याची कड, मोकळं गवत आणि जवळ पाणी असलं की त्याचा कळप वाढतो. माणसानं धानासाठी जो मुलूख घडवला, तो हरणासाठीही आपोआप घडला.

त्यामुळे जागल इथली जुनी आहे. लोंबीत दूध भरायला लागलं की शेतात मचाण उभं राहायचं, खाली शेकोटी, हाताशी गोफण आणि वाजवायला रिकामा डबा. रात्रभर एकानं हाळी द्यायची, पलीकडच्या शेतातल्यानं तिला उत्तर द्यायचं. त्याच्या जोडीला गावाची पारध होती. गोंड आणि इतर रानकाठच्या समाजांत धनुष्यबाण, वागूर, फासे आणि हाका ही साधनं होती. उन्हाळ्यात पाणवठे आटले की गावं मिळून निघत, आणि मिळालेल्या मांसाचे घरोघर वाटे पडत. पिकाची राखण आणि ताटातलं मांस ही तेव्हा दोन वेगळी कामं नव्हती. या पद्धतीनं हरणं कमी होत नसत असं म्हणणार नाही. पण बाणाचा पल्ला आणि माणसाच्या पायांची धाव यांनीच तिला मर्यादा घातलेली होती.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, त्यांना औरस वारस नव्हता, आणि डलहौसीनं नागपूरचं राज्य, भंडाऱ्यासकट, खालसा केलं. १८६१ मध्ये मध्यप्रांत तयार झाला. पुढच्या बंदोबस्तात सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांना गावांची मालकी मिळाली, आणि गावालगतचं बरंचसं जंगल त्यांच्या हाती गेलं. उरलेलं सरकारनं राखीव केलं. मग १८७८ साल आलं. या एका वर्षात दोन कायदे झाले. जंगल कायद्यानं राखीव रानातली शिकार सरकारी नियमांखाली आणली आणि शस्त्र कायद्यानं बंदुकीला परवाना लावला. भंडाऱ्याच्या खेड्यापुरतं बोलायचं तर या दोन कायद्यांनी पारधीचं नावच बदललं. परवाना असलेला साहेब जे करी ती शिकार, आणि वागूर घेऊन निघालेला गोंड जे करी ती चोरी. जंगल तेच होतं आणि चितळही तेच.

मध्यप्रांतातल्या या काळाबद्दल साहेबांनी लिहिलं भरपूर. जेम्स फोर्सिथचं सातपुड्याच्या पठारांवरचं पुस्तक १८७१ मध्ये आलं, स्टर्नडेलचं शेजारच्या शिवनीवरचं १८७७ मध्ये. ही पुस्तकं वाचताना त्यांची नजर किती बारीक होती ते जाणवतं. झाड, ओढा, जनावराची सवय, सगळं त्यांनी टिपलं आहे. पण हाक्याला निघालेल्या माणसांची नावं त्यांत क्वचितच सापडतात. हाका म्हणजे शंभर-दीडशे माणसं पहाटेपासून रानाच्या तीन बाजूंनी उभी करायची, ढोल, डबे आणि आरोळ्यांनी जनावर पुढे रेटायचं आणि चौथ्या बाजूला मचाणावर साहेब किंवा मालगुजार बसलेला. कोतवालानं दवंडी दिली की हाकेकऱ्यांना जावंच लागे. कधी काही आणे मिळत, कधी नुसती बेगार. अस्वल उलटलं किंवा जखमी डुक्कर अंगावर आलं तर तेही हाकेकऱ्याच्याच वाट्याला. हिवाळ्यात तलावांवर परदेशी बदकं उतरली की डोंग्यातून त्यांचीही शिकार चाले.

रेल्वेनं ही वर्दळ वाढवली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली आणि नागपूरहून पूर्वेला जाणारा मार्ग तिच्याकडे आला. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया ही स्टेशनं या मार्गावरची. नागपुरातला अधिकारी आता सुट्टीत इथे येऊन, शिकार करून परत जाऊ शकत होता. रेल्वेला रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर हवे होते, त्यासाठी जंगलही उतरत होतं.

तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. साहेबांच्या शिकारीला नियम होते आणि ते बऱ्यापैकी पाळले जात. राखीव जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच टोळी, मुदत ठरलेली, कुठलं जनावर किती मारायचं तो आकडा ठरलेला. हरणांत नर तेवढाच मारायचा, तोही पुरती शिंगं आलेला. मादी आणि पाडस वर्ज्य. १९१२ मध्ये रानपक्षी आणि प्राणी संरक्षणाचा कायदा आला, तो याच विचारातून. पण त्याच सरकारनं वाघाला आणि रानकुत्र्याला बक्षीस लावलं होतं. रानकुत्री हरणं संपवतात असा त्या वेळचा पक्का समज होता. साहेबाच्या बंदुकीला हरीण उरावं म्हणून हरणावर जगणारं जनावर मारायचं, असा तो हिशेब. नागझिऱ्याच्या अभयारण्यात आज रानकुत्र्यांचा कळप दिसला तर पर्यटक दिवस सार्थकी लागला म्हणतात. त्यांच्या मागच्या पिढ्या बक्षिसासाठी मारल्या गेल्या होत्या.

जनावरं कमी होत आहेत हे ओळखणारेही त्या साहेबांतच होते. मध्यप्रांताच्या वनखात्यात अनेक वर्षं काढलेला डनबार ब्रँडर याचं पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झालं. आजच्या कान्हाजवळच्या बंजर खोऱ्यात १९०० च्या सुमारास आफ्रिकेतल्या कुठल्याही भागाशी तुलना व्हावी इतकी जनावरं होती, असं तो सांगतो, आणि पुढच्या वीसेक वर्षांतली घटही सांगतो. कान्हा भंडाऱ्याच्या शेजारच्याच मुलखात आहे. नागपूर-भंडाऱ्याकडच्या मैदानी शेतीतून काळवीट सगळ्यात आधी मागे हटलं, कारण त्याला लपायला रान नव्हतं. चितळ आणि सांबर टेकड्यांत टिकून राहिले.

त्यांच्यावर खरी पाळी आली ती विसाव्या शतकाच्या मधल्या तीस वर्षांत. सगळा दोष गोऱ्या शिकाऱ्यावर टाकून मोकळं होणं सोयीचं आहे, पण ते खरं नाही.

पहिलं कारण बंदूक. पीक राखायला म्हणून कास्तकारांना परवाने मिळत गेले. ही बहुधा ठासणीची बंदूक, भरमार. तिच्या नळीत आधी मापानं दारू ओतायची, वर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा घालून गजानं ठासायचं. मग छर्रे किंवा शिशाची गोळी, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. एक बार निघाला की दुसरा भरेपर्यंत कळप पाळीपलीकडे गेलेला असे. अशा एकेका बंदुकीनं रान रिकामं झालं नसतं. पण बंदुका वाढत गेल्या, आणि पिकाच्या नावाचा परवाना पीक निघून गेल्यावरही भिंतीवर टांगलेलाच राहिला. उन्हाळ्यात शेतात काडी नसताना तीच बंदूक पाणवठ्यावर दबा धरून बसू लागली. पाणवठ्यावर येणाऱ्या कळपात नर कोण, गाभण मादी कोण, हे अंधारात कोण बघणार? मांस बाजाराला जाऊ लागलं आणि जुने वाटे संपले.

दुसरं कारण युद्ध. दुसरं महायुद्ध संपलं आणि लष्कराच्या लिलावातल्या जीपगाड्या धनिकांच्या हाती आल्या. जीप, तिच्यावरचा झगझगीत दिवा आणि फैरी झाडणारी बंदूक, या तिघांनी शिकारीतली मेहनत काढून टाकली. रात्री जंगलरस्त्यानं जायचं, दिव्याच्या झोतात डोळे चमकले की गाडीतूनच गोळी घालायची. झोतात सापडलेलं चितळ पळत नाही, टक लावून उभं राहतं. जुन्या शिकाऱ्याला माग काढावा लागे, वारा ओळखावा लागे, दिवस दिवस चालावं लागे. त्याला जनावराची ओळख असे. जीपमधल्याला त्याची गरज उरली नाही.

तिसरं कारण जमीन. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत जंगलाचे तुकडे शेतीखाली आले. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली आणि मालगुजारांची जंगलं सरकारकडे आली. पण ती जाणार हे आधीच दिसत असल्यानं अनेकांनी हाती होती तोवर झाडं विकून टाकली. ताब्यात आलं ते पुष्कळ ठिकाणी विरळ झालेलं रान. मालगुजारी गेली ते योग्यच झालं. त्या व्यवस्थेत कुळांनी फार सोसलं होतं. पण ती जाताना तलाव आणि जंगल दोन्ही पोरकी झाली, आणि त्यांचे पालक कोण हे ठरायला वीस वर्षं गेली. त्या काळात जिल्ह्याचं राज्यही बदललं: आधी मध्यप्रदेश, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई, १९६० मध्ये महाराष्ट्र. नागपुरात शिकारी सफरी घडवून आणणाऱ्या कंपन्या होत्या आणि वाघासाठी परदेशी पाहुणे येत होते. चितळ मारणं तर कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

उतार थांबला तो १९७० मध्ये. आदल्या वर्षी दिल्लीत निसर्गरक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, आणि १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. त्याच वर्षी तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातलं नागझिरा अभयारण्य झालं, सुमारे १५३ चौरस किलोमीटरचं. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७५ मध्ये नवेगावबांधला राष्ट्रीय उद्यान मिळालं, सुमारे १३४ चौरस किलोमीटरचं.

कायदा कागदावर आला तरी रान ओळखणारी माणसं लागतात, आणि ती भंडाऱ्याला मिळाली. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार हे एके काळचे शिकारी. शिकारीतून त्यांना रानाची जी जाण आली, ती त्यांनी पुढे रान वाचवण्यासाठी खुली केली. सोलापूरहून वनखात्यात आलेले मारुती चितमपल्ली त्यांच्याजवळ बसून शिकले. झाडाझुडपांची, पाखरांची, जनावरांची स्थानिक नावं त्यांच्याकडून घेतली आणि ती मराठीत आणली. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे चितमपल्लींचं पुस्तक त्या सहवासाचं आहे. व्यंकटेश माडगूळकर, स्वतः एके काळी शिकारीला जाणारे, नागझिऱ्यात जाऊन राहिले आणि त्यांनी त्याच नावाचं पुस्तक लिहिलं. मला हा योग फार मोलाचा वाटतो. शिकाऱ्याचं ज्ञान त्याच्या बंदुकीबरोबर संपलं असतं. इथे ते एका पाटलाकडून एका वनाधिकाऱ्याकडे गेलं आणि तिथून मराठी घराघरांत पोचलं. हाकेकऱ्यांच्या पिढ्यांना जे ठाऊक होतं आणि साहेबांच्या पुस्तकांत ज्याला नाव नव्हतं, त्यातलं निदान काही अशा रीतीनं वाचलं.

१९७२ च्या कायद्यानं शिकार एकदम बंद झाली अशी समजूत आहे. तसं झालं नाही. मूळ कायद्यात काही जनावरांसाठी शिकारीचे परवाने होते. ती तरतूद १९९१ च्या दुरुस्तीनं काढली आणि मगच दार पुरतं बंद झालं. एक फट मात्र ठेवली: पिकाची नासाडी करणाऱ्या काही जनावरांना मारण्याची परवानगी वनाधिकारी देऊ शकतात. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं रोही आणि रानडुकरासाठी ही वाट सोपी केली. चितळ त्यात नाही.

इथे अमेरिकेकडे पुन्हा एकदा बघावं. १९०० च्या सुमारास बाजारी शिकारीमुळे तिथली पांढऱ्या शेपटीची हरणं घटून पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहून कमी उरली होती. त्यांनी मांसाच्या व्यापारावर बंदी घातली, हंगाम ठरवले, आणि १९३७ च्या कायद्यानं बंदुका नि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लावला. आज ती हरणं तीन कोटींच्या घरात आहेत, आणि शेतकऱ्याचं पीक खाणारं हरीण शेजारचा शिकारी हंगामात मारतो. आपण दुसरी वाट धरली. माझ्या मते ती वाट आपल्यासाठी बरोबर होती. तिथल्या हरणावर जगणारे लांडगे बहुतेक भागांतून आधीच नाहीसे झाले होते, आपल्या चितळावर वाघ, बिबट आणि रानकुत्री जगतात. शिवाय आपल्याकडे परवान्याच्या आडून काय चालतं ते पीकराखणीच्या बंदुकांनी दाखवलं होतं. पण हरीण वाचवण्याचा खर्च तिकडे बंदूक विकत घेणारा देतो, आणि इकडे तो मोठ्या अंशी धुऱ्यावरचा कास्तकार देतो. दीड एकर धान असणाऱ्याच्या दोन बांध्या एका रात्रीत गेल्या, तर त्याचं वर्ष गेलं.

हरणं परतली हे खरं. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. नवेगाव आणि नागझिऱ्याचा मोठा भाग तिकडे गेला. २०१२ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झालं, पवनीकडचं रान त्याच पट्ट्यातलं. २०१३ मध्ये भंडारा शहराजवळचं कोका अभयारण्य झालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प. चितळ वाढलं तसा वाघही फिरू लागला. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ याच काळात शेतं, रस्ते आणि नदी ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यात पोचला आणि देशभर गाजला. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कुणाला दिसला नाही. पुढच्या वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडे त्याचा बछडा ‘श्रीनिवास’ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्यानं मेला.

ही विजेची तार आजची बंदूक आहे. खांबावरच्या लाइनवर आकडा टाकायचा आणि उघडी तार खुंट्यांवरून शेताच्या कडेनं किंवा जनावराच्या वाटेवर न्यायची. कुणी ती पीक वाचवायला लावतो, कुणी मांसासाठी, आणि दोघांची तार सारखीच दिसते. तिला नर-मादी कळत नाही, चितळ-वाघ कळत नाही. शेजारचा माणूस पाणी वळवायला आला तर तोही तिला कळत नाही. पूर्व विदर्भात अशा तारांवर माणसंही गेली आहेत. परवानगी असलेला, सौर ऊर्जेवर चालणारा झटका क्षणभराचा असतो. त्यानं जनावर बिचकतं, मरत नाही. तो बसवायला मात्र पैसा लागतो.

म्हणून जागल अजून आहे. मचाणावर आता प्लास्टिकची ताडपत्री असते, हातात मोबाइल आणि चार्जिंगची बॅटरी, डब्याऐवजी फटाके. हाळी मात्र तीच. एका शेतातून निघते आणि अंधारात दुसऱ्या शेतातून तिला उत्तर येतं. पहाटे डुलकी लागते, नेमका तेव्हाच कळप उतरतो. उजाडल्यावर नुकसानीचा अर्ज करायचा, फोटो काढायचे, वनरक्षकाची वाट बघायची. पंचनाम्याला खूण दाखवावी लागते. तोवर घरची माणसं पलीकडच्या बांधीतून वळसा घालून जातात, पोरांनाही हाकलतात, म्हणजे धुऱ्यावरचे खूर मोडायला नकोत.